सासुरवाडीच्या कपारीतलं पाणी

डोंगरातल्या गुहा मला माझ्या बायकोनं दाखवल्या. मी जन्मभर दगडात काम केलं, पण दगडाच्या पोटात शिरून बघायचं असतं हे तिच्यामुळं कळलं. गेल्या श्रावणात ती गेली. घरात आता मी आणि रेडिओ. लिहायची सवय नाही, चौथीत शाळा सुटली. तरी ही एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण लोकांना सांगताना मी ती नेहमी थोडी फिरवून सांगत आलो. ती जवळ बसलेली असायची. मी फिरवली की काही बोलायची नाही, नुसती माझ्याकडं बघायची. आता बघणारं कोणी नाही, म्हणून सरळ लिहितो.

मी विहिरींना सुरुंग लावायचो. बहात्तरच्या दुष्काळानंतर निफाडच्या अंगाला ज्याला त्याला विहीर खोल करून हवी होती. आमची पाच जणांची टोळी. पहारीनं खडकात भोकं पाडायची, दारू भरायची, वरून माती ठासायची, वात पेटवायची आणि पळायचं. भोकं पाडणं आणि ठासणं माझ्याकडं. पहार आपटली की आवाजावरून मी सांगायचो, खाली खडक घट्ट आहे की फुटका. लोक मान द्यायचे. शेतकरी चहा आधी मला द्यायचा, मग मुकादमाला. असल्या मानानं माणूस बिघडतो, मीही बिघडलो होतो.

बायको पेठकडची. माझा बाप तिकडं घाटरस्त्याच्या कामावर होता, त्यानं तिकडंच सोयरीक जमवली. पंचवटीतून पेठ नाक्यावर एस.टी. धरायची, घाट चढून उतरायचं आणि पुढं दीड तास पायी जंगलातून. साग, ऐन, मध्येच करवंदीच्या जाळ्या. पाड्यावर वीस-बावीस घरं. पावसाळ्यात तिकडं इतकं पाणी की चूल पेटत नाही, आणि होळी झाली की प्यायला नाही. डोंगर उभा, पाणी सगळं पळून जातं.

उन्हाळ्यात सगळ्या पाड्याचा जीव एका कपारीवर. घरांच्या वर अर्धा तास चढलं की काळा कडा लागतो. तो कडा म्हणजे भाकरींची चवड. काळ्या खडकाची जाड भाकर, तिच्याखाली लाल मातीचा पातळ थर, खाली परत काळा, परत लाल. लाल थर मऊ असतो, वाऱ्यापाण्यानं झिजतो. वरचा काळा खडक छपरासारखा पुढं राहतो आणि मध्ये पोकळी पडते. त्या पोकळीत वाकून पंधरा-वीस पावलं आत गेलं की मागची भिंत ओली, आणि भिंतीच्या पायाशी खडकातच एक कुंड. आठ-दहा हंडे पाणी मावेल एवढं. वैशाखात पाणी वाहताना दिसायचं नाही, नुसती भिंत ओली. पण सकाळी जावं तर कुंड भरलेलं, आणि दुपारी काढून रिकामं केलं तर दिवस बुडायच्या आत परत अर्धं.

तिथं बायकांचं राज्य. आळीपाळीनं करवंटीनं हंडे भरायचे. आणि एक रीत होती. जी शेवटचा हंडा भरेल तिनं निघताना आपल्या हंड्यातली एक करवंटी परत कुंडात ओतायची. झऱ्याला कोरडं ठेवून जायचं नाही. मी लग्नानंतर पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा हसलो होतो.

चौऱ्याहत्तर की पंचाहत्तरचा वैशाख असेल. धाकट्या मेहुण्याचं लग्न नुकतंच झालं होतं, आम्ही दोघं आठ दिवसांसाठी गेलो होतो. पहिल्याच संध्याकाळी सासऱ्याच्या अंगणात चार म्हातारी माणसं बसलेली. पाण्याचा विषय निघाला. पोरी-सुना दिवसातून दोनदा कडा चढतात, एकीचा पाय मोडला होता, असं चाललेलं. मी म्हणालो, यात काय एवढं. कुंडाच्या तळाला चार भोकं पाडतो, दोन दिवसांत सुरुंग लावतो, कुंडाचा हौद होईल. पन्नास हंडे पाणी एका वेळी. सगळे एकदम बोलायला लागले. सासरा माझ्याकडं असा बघत होता की जन्मात कोणी मला तसं बघितलं नव्हतं. बायको आत चुलीपाशी नागलीची भाकर थापत होती. थापण्याचा आवाज थांबला, मग परत सुरू झाला.

जेवणं झाल्यावर तिनं मला बाजूला घेतलं. ती लहानपणी त्याच कड्यावर शेळ्या राखायची. म्हणाली, त्या कपारीच्या खाली अजून चार-पाच कपारी आहेत, आधी त्या बघू, मग काय ते करा. खडक वरून दिसतो तसा आत नसतो. मी म्हणालो, तू मला खडक शिकवू नको.

दुसऱ्या दिवशी दिवस कलल्यावर, बायका पाणी भरून खाली गेल्या आणि मी एकटा पहार घेऊन वर गेलो. दारू अजून आणलेली नव्हती, ती नंतर मुकादमाकडून आणायची होती. नुसतं एक भोक पाडून खडक कसा आहे ते बघू म्हटलं. कुंड रिकामं होतं. पहार उचलायची, फिरवत आपटायची, मध्ये पाणी ओतायचं, पळीनं चिखल काढायचा. रोजचंच काम. खडक घट्ट होता, आवाज खणखणीत. मी खूश. हातभर भोक झालं असेल, आणि पहार एकदम चार बोटं खाली गेली. आपटली नाही, गेली. जशी भाताच्या पोत्यात जाते.

मला तेव्हाच कळलं. हे मी पाड्याबाहेर कधी कोणाला सांगितलं नाही. लोकांना मी सांगायचो की मला काही अंदाजच आला नाही. खोटं आहे. पहार बाहेर काढली तर टोकाला लाल माती लागलेली. काळा खडक तिथं हातभरच जाड होता आणि खाली लाल थर, तोही पोकळ. मी धोतराची चिंधी फाडून भोकात बोळा कोंबला, आम्ही कचरा जाऊ नये म्हणून कोंबतो तसा. पहार पुसली आणि खाली आलो. भाकर खाल्ली. झोपही लागली.

सकाळी बायकांचा आरडाओरडा ऐकू आला. कुंड कोरडं. तळाला नुसती ओल.

सगळा पाडा वर गेला. मीही गेलो. मला कोणी दोष दिला नाही, हे आजही नवल वाटतं. उलट मलाच विचारलं. सासरा म्हणाला, "पावणं, तुमी जाणते. त्या भोकानं तर नाय ना काय झालं?"

मी खाली बसलो, बोळ्यावर बोट टेकवलं आणि म्हणालो, "इवल्याशा भोकानं काय होतंय मामा? हातभर तर आहे. आणि वर बोळा हाय."

एवढंच बोललो. माझा शब्द म्हणजे शब्द होता. मग लोक दुसरं कारण शोधायला लागले आणि ते लगेच सापडलं. आदल्या दिवशी शेवटचा हंडा नव्या सुनेनं, म्हणजे माझ्या मेहुण्याच्या बायकोनं भरला होता. तिचं माहेर नदीकाठचं, तिला ही रीत नवी. एका म्हातारीनं विचारलं, करवंटी परत ओतली होती का गं? ती पोर सतरा-अठरा वर्षांची. आधी म्हणाली, आठवत नाही. मग म्हणाली, नसेल ओतली.

झालं. खरं बोलली म्हणून सापडली. मी खोटं बोललो म्हणून सुटलो.

दुपारपर्यंत ठरलंसुद्धा. झरा रुसला, जिच्यामुळं रुसला तिला इथं ठेवायचं नाही. तिच्या बापाला सांगावा गेला, उद्या येऊन घेऊन जा. मेहुणा घराच्या मागं जाऊन बसला. पोर ओट्यावर गुडघ्यात डोकं घालून. सगळ्या बायका खाली नदीच्या डोहाकडं पाण्याला निघाल्या, जायला तास, यायला दीड. त्यांच्याबरोबर तिला कोणी नेलं नाही.

माझी बायकोही गेली नाही. मला म्हणाली, चला वर. कपारीत शिरल्यावर ती कुंडात उतरली, बोळा उपसून बाहेर फेकला आणि भोकाला कान लावून आडवी झाली. बराच वेळ तशीच पडून होती. मग उठली आणि मला म्हणाली, "लावा कान."

मी लावला. आत पाणी ठिबकत होतं. एका जागी नाही, लांब कुठंतरी खाली, सुरईतून ओतल्यासारखा बारीक आवाज.

मी म्हणालो, "डोंगर आहे, कुठंही पाणी ठिबकतं. हे तेच पाणी कशावरून?"

तिनं वाद घातला नाही. घरी जाऊन ओंजळभर नागलीचा कोंडा पदरात बांधून आणला. तो भोकात टाकला आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. परत कोंडा, परत पाणी. म्हणाली, शेळी कुठून निसटते ते कळत नसेल तर लेंड्या बघायच्या. उद्या सकाळी खालच्या कपारी बघू. जिथं कोंडा निघेल तिथं पाणी गेलं.

मी तीस वर्षांचा, दगडातला माणूस, आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

सकाळी उजाडताच निघालो. तिच्याकडं कोयती, माझ्याकडं बॅटरी. कड्याच्या कडेनं शेळ्यांची वाट, एका पावलाएवढी. ती पुढं. साडीचा काचा मारलेला, अनवाणी. मी मागं चपला हातात घेऊन. खाली बघवत नव्हतं, म्हणून मी तिच्या टाचांकडं बघत चाललो. मध्येच वळून म्हणाली, विहिरीत उतरायला भीती वाटत नाही आणि इथं का वाटते? मी म्हणालो, विहिरीत दोर असतो. ती म्हणाली, मग पदर धरा.

पहिली कपार उथळ होती. आत शेळ्यांच्या लेंड्यांचा वीतभर थर आणि तीन दगडांची चूल, धुरानं छत काळं. तिथं तिनं लहानपणी पावसात दोन दोन दिवस काढलेले. जमीन हातानं चाचपली, खडखडीत.

दुसऱ्या कपारीच्या तोंडावर आग्यामोहोळ लोंबत होतं. आम्ही खालून, श्वास धरून, पोटावर सरकत गेलो. आत वटवाघळांचा वास असा की डोळ्यांतून पाणी. तीही कोरडी.

तिसरीत मी बॅटरी लावली आणि तिथंच बसलो. छताच्या पोकळ्यांतून पांढरे खडे लोंबलेले, सुयांसारखे, काही फुलासारखे उमललेले, मध्येच हिरवट. विहिरींत सुरुंग उडाला की असले खडे मी खूप बघितले होते, पण फुटलेले, ढिगाऱ्यात. मालकांची पोरं वेचून न्यायची. जागच्या जागी, कोणी हात न लावलेले, मी पहिल्यांदा बघत होतो. किती सुरुंग लावले असतील तोवर, आणि दर वेळी हे असं आत होतं. बायको म्हणाली, लहानपणी ती आणि तिची मैत्रीण इथं येऊन बसायच्या, कोणाला सांगायच्या नाहीत. मी एक खडा तोडायला हात वर केला. तिनं हातावर चापट मारली. म्हणाली, तुमचे हात जरा घरी ठेवत जा.

ही तिसरी कपारही कोरडी होती. मला आत कुठंतरी बरं वाटायला लागलं. वाटलं, नाहीच निघणार कोंडा, मी सुटलो.

चौथी म्हणजे कपार नव्हतीच, कड्याच्या पायाशी आडवी भेग होती. झोपून जावं लागणार. ती आधी शिरली, मी मागून. कमरेपर्यंत गेलो आणि अडकलो. पुढंही जाता येईना, मागंही. आतून तिचा आवाज आला, "भाकरी जरा कमी खाल्ल्या असत्या काल तर आज उपयोग झाला असता." मी तिथंच पडून राहिलो, बॅटरीचा उजेड तिच्या दिशेनं धरून. तिच्या पायांचे तळवे दिसत होते, मग तेही दिसेनासे झाले. मग नुसतं खरडण्याचा आवाज. मला भीती वाटली. हाक मारली तर म्हणाली, गप्प पडा.

किती वेळ गेला कोण जाणे. मग ती उलटी सरकत आली, अंग वळवून तिनं हात माझ्या तोंडापुढं धरला. तळवा ओला, लाल चिखलानं माखलेला. आणि त्या चिखलात नागलीचा कोंडा.

आम्ही बाहेर आलो, ती एका दगडावर बसली आणि पदरानं हात पुसला. मी म्हणालो, बरं झालं कळलं. आता आजचा दिवस मला दे. मी काहीतरी करून पाणी परत आणतो, मग सगळ्यांना सांगतो. ती म्हणाली, पोरीचा बाप आज येतोय, ऊन उतरेपर्यंत थांबणार नाही तो. मी म्हणालो, मग तू सांग. तुझ्या घरची माणसं आहेत, तुझं ऐकतील.

ती म्हणाली, "मी नाय सांगणार. भोक तुमचं हाय."

आणि उठून चालायला लागली. ज्या वाटेनं येताना मी तिचा पदर धरून आलो होतो त्या वाटेनं जाताना तिनं मागं वळून बघितलं नाही. मी चारी पायांवर आलो म्हटलं तरी चालेल.

अंगणात पोरीचा बाप येऊन बसला होता. पोरीचं बोचकं ओट्यावर. पहिल्या संध्याकाळची तीच म्हातारी माणसं. मी उभा राहिलो आणि म्हणालो की पाणी माझ्या भोकातून गेलं. पहार खाली गेली तेव्हाच मला कळलं होतं, तरी मी नाही म्हणालो. पोरीचा काही दोष नाही. खालच्या भेगेत कोंडा निघाला. एवढं बोलून मी थांबलो, कारण पुढं काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

कोंबड्या तेवढ्या फिरत होत्या. सासऱ्यानं मान खाली घातली. पहिल्या संध्याकाळी त्यानं माझ्याकडं ज्या डोळ्यांनी बघितलं होतं ते डोळे मला परत कधी दिसले नाहीत, तो आणखी बारा वर्षं जगला तरी. ती किंमत मी दिली आणि ती योग्यच होती.

मग करवंटीचं विचारणारी तीच म्हातारी म्हणाली, "लोकांचे जावई धोतरजोडी घेऊन जातात. आमच्यानं झराच नेला."

एक जण हसला. मग दोघं हसले. पोरीचा बाप हसला नाही. त्यानं बोचकं उचलून घरात नेऊन ठेवलं आणि मला विचारलं, मग आता?

तेच खरं होतं. मी कबूल झालो म्हणून कुंडात थेंबही आला नव्हता. कोणी म्हणालं, लाकडाची खुंटी ठोका. मी म्हणालो, ते नको. सुकी खुंटी पाण्यानं फुगली की खडक तडकतो, पाथरवट दगड फोडतात तेच तसे. तिथं खडक हातभरच जाड, तडकला तर सगळंच गेलं. कोणी सिमेंट म्हणालं, पण सिमेंट पेठला जाऊन आणायचं आणि ते ओल्यात धरेल याची खात्री नाही. तेव्हा माझ्या बायकोनं तोंड उघडलं. म्हणाली, वारुळाची माती. कणगी लिंपायला आम्ही तीच घेतो, पाणी धरते, भेगाळत नाही. आणि माझ्याकडं बघून म्हणाली, ठासायचं काम तर तुमचं रोजचंच हाय.

खरंच रोजचं होतं. सुरुंगाचं भोक दारूवर माती ठासून बंद करणं, जराही हवा राहू न देता, हेच तर मी करत होतो. फरक एवढाच की नंतर पळायचं नव्हतं.

दुपारी सगळा पाडा कामाला लागला. पोरांनी वारुळं फोडून माती आणली. बायकांनी ती चाळली, अंबाडीचा वाख बारीक कातरून घातला आणि पायांनी तुडवली. नवी सून त्यांच्यात होती. तिला कोणी ये म्हणालं नाही, जा म्हणालं नाही, ती येऊन तुडवायला लागली. माती लोण्यासारखी झाली तेव्हा मी वर नेली. करंगळीएवढे गोळे करून भोकात सोडायचे आणि सागाच्या दांडक्यानं हळू, अगदी हळू ठासायचे. जोरात मारलं तर खालचा लाल थर ढासळेल. विहिरीवर असं एक भोक मी चिलीम ओढून होईस्तोवर ठासायचो. ते भोक ठासायला दिवस बुडाला. बायको शेजारी बसून गोळे वळून देत होती. शेवटचा गोळा तिनं अंगठ्यानं दाबून खडकाशी सपाट केला आणि वर ओलं फडकं ठेवलं.

पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. बायका नदीवरून पाणी आणत होत्या, माझ्यासमोरून हंडे घेऊन जाताना कोणी टोमणा मारला नाही, त्यापेक्षा मारला असता तर बरं झालं असतं. मी बायकोला म्हणालो, आपण नाशिकला निघू. ती म्हणाली, तुम्ही जा, मी पाणी आल्याशिवाय येत नाही. म्हणून मीही थांबलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती मला उठवायला आली. आम्ही दोघंच वर गेलो. कुंडात चार बोटं पाणी होतं, वर एक वाळकं पान तरंगत होतं. मी हात घालायला गेलो नाही. नुसता बसलो. ती म्हणाली, रडायचं असेल तर बाहेर जाऊन रडा, इथं बायका येतील.

मग पूर्वीइतकं पाणी यायला पंधरा दिवस लागले. सुरुंगाचा विषय मी परत काढला नाही. पुढच्या उन्हाळ्यात मी चुना आणि दगड घेऊन गेलो आणि कुंडाच्या कडेनं हातभर उंच कट्टा बांधून दिला. खाली खणायचं नाही, वर बांधायचं. त्यानं पाच-सहा हंडे पाणी जास्त मावायला लागलं. पन्नास नाही. पण जे मावलं ते राहिलं. नव्या सुनेला पुढं तीन पोरं झाली. ती मला दाजी म्हणायची आणि मी गेलो की भाकर आधी मला वाढायची, याचा अर्थ मी कधी तिला विचारला नाही.

त्यानंतर दर वैशाखात आम्ही दोघं तिकडं जायचो. ठासलेली माती बघायला, असं पाड्यावर सांगायचो. खरं तर कपारी बघायला. मला नाद लागला होता. एकेका वर्षी एकेक डोंगर. हरसूलकडं, त्र्यंबकच्या मागं. तिला वाटा माहीत नसल्या तरी ती गुराख्यांना बोलतं करायची. एका गुहेत इतकी थंडी की वैशाखात अंगावर काटा. एका ठिकाणी काळ्या खडकाचे खांबच्या खांब, सहा कोनांचे, कोणी घडवून रचल्यासारखे. मी म्हणालो, हे माणसाचं काम आहे. ती म्हणाली, माणसाचं असतं तर एखादा तरी वाकडा असता. आम्ही कशाला हात लावला नाही, काही आणलं नाही. भाकर-चटणी बांधून न्यायची, आत बसून खायची, परत यायचं. आमच्या गल्लीतले लोक विचारायचे, देवाला गेला होतात का? मी हो म्हणायचो.

मूलबाळ आम्हाला झालं नाही. त्याचं बोलायचं असेल ते आम्ही तिथंच बोललो, घरी नाही.

पुढं ऐंशीच्या नंतर पाड्यावर हातपंप आला. बायकांची कड्यावरची चढण सुटली. कपार तशीच आहे, म्हणतात अजून शेळ्या पाणी पितात तिथं. मी सुरुंगाचं काम शहात्तरलाच सोडलं होतं आणि देवळाली कॅम्पात एका बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली लागलो. मग स्वतः गवंडी झालो. लोक विचारायचे, चांगलं काम का सोडलंस? मी सांगायचो, कानाला त्रास व्हायला लागला. ती तिथं असली की परत तशीच बघायची.

एकदा, त्र्यंबककडच्या एका गुहेत पाऊस लागला म्हणून आम्ही अडकून बसलो होतो. बहुतेक पंच्याऐंशी साल. तेव्हा मी तिला विचारलं. दहा वर्षं विचारायचं राहिलं होतं. त्या दिवशी तू मला का बोलायला लावलंस, मला वाचवायचं होतं की पोरीला? तू सांगितलं असतंस तरी पोर वाचली असती.

ती कांदा फोडत होती. म्हणाली, "मी सांगितलं असतं तर त्यांनी तुम्हाला त्याच दुपारी हाकलून दिलं असतं. मग भोक कुणी बुजवलं असतं?"

मी म्हणालो, एवढंच?

म्हणाली, "एवढंच. तुमच्यासारखं ठासता येणारं दुसरं कोण होतं तिकडं."

मला त्या वेळी थोडा राग आला होता. मला वाटलं होतं काहीतरी प्रेमाचं बोलेल. आता ती नाही, घर गप्प आहे, आणि तेच वाक्य मी दिवसातून किती वेळा मनात म्हणतो. मी खोटं बोललो होतो, पाड्याचं पाणी घालवलं होतं, एका पोरीचा संसार मोडायला बसलो होतो, आणि त्या सगळ्यात तिला दिसलं ते हे की माझे हात चांगले ठासतात, ते कामाला येतील. तिनं मला टाकलं नाही. कामाला लावलं.

तिचे उपकार मानायचे राहून गेले. तोंडावर मानले असते तर म्हणाली असती, जेवून घ्या. म्हणून इथं लिहितो. पाणी परत आलं. ते माझ्यामुळं गेलं होतं आणि तिच्यामुळं आलं.